ओटा, बसणाऱ्यांसह

हिंमतराव पाटलांच्या मृत्युपत्रात काय लिहिलंय, हे गावात सगळ्यांना ते गेले त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. रोज त्यांच्या ओट्यावर बसणाऱ्या नवलसिंग आप्पांना ते कलमवार पाठ होतं. आप्पांशेजारी बसणाऱ्या दलसिंगला पाठ नव्हतं, पण त्यातल्या दोन कलमांची भाषा आपण सुधारून दिली, असं तो सांगायचा. दूध घालायला येणाऱ्या फुलवंताबाईलाही साधारण अंदाज होता. माहीत नव्हतं ते फक्त हिंमतरावांच्या मुलाला, भूपेंद्रला.

यात लपवाछपवी काही नव्हती. हिंमतरावांनी मृत्युपत्र घराच्या ओट्यावर बसून, मोठ्यानं, लोकांच्या सूचना मागवत तयार केलं होतं. भूपेंद्र त्या ओट्यावर कधी बसत नसे, एवढंच.

तापीकाठचं, प्रकाश्याच्या अलीकडचं हे गाव. भूपेंद्रचं शहाद्याला कृषी केंद्र. सकाळी तो ओटा ओलांडून जायचा, संध्याकाळी ओलांडून यायचा. ओट्यावरच्या मंडळींकडे बघून मान हलवायचा. ती नमस्काराची की नापसंतीची, हे त्यानं कधी स्पष्ट केलं नाही. मंडळी ती नमस्काराची धरून चालत.

दिवसकार्य होऊन गंधमुक्तीचं जेवण आटोपलं, लांबचे पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि शहाद्याहून आलेल्या वकिलांनी पिशवीतून कागद काढला. शेतीचा प्रश्न नव्हताच. शेतीचे वाटे हिंमतरावांनी जिवंतपणीच करून टाकले होते, आणि मुलीलाही तिचा वाटा दिला होता. त्यावरून भूपेंद्र एक पावसाळा नाराज राहिला आणि मग कापूस वेचणीच्या गडबडीत ते विसरून गेला. राहिलं होतं ते घर.

वकिलांनी वाचलं, "राहतं घर, मागच्या परसासह, मुलगा भूपेंद्र यास. अंगावरचे व कपाटातले दागिने पत्नी जसोदाबाई हिस. घरासमोरील ओटा, त्यावरील पत्र्यासह, बाकासह आणि बसणाऱ्यांसह, मुलगी रोशनी हिस."

भूपेंद्रनं विचारलं, "कशासह?"

"बसणाऱ्यांसह," वकील म्हणाले. "मी त्यांना म्हटलं होतं, हा शब्द कायद्यात बसत नाही. ते म्हणाले, कायद्यात नाही, ओट्यावर बसतो."

"पण ओटा ओलांडल्याशिवाय मी माझ्या घरात जाणार कसा?"

"येण्याजाण्याचा हक्क दिलेला आहे. कलम चार. चपला काढायला उजवीकडची पायरी दिलेली आहे."

"डावी," नवलसिंग आप्पा बाहेरून म्हणाले.

वकिलांनी कागद पुन्हा पाहिला. डावीच होती.

भूपेंद्र बाहेर आला. "आप्पा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"आम्हले समदं माहीत शे," आप्पा म्हणाले. "तुले कसं माहीत नही, याचंच नवल वाटी ऱ्हायनं. तू तं घरनाच."

दुःखाचे दिवस होते, म्हणून भूपेंद्र आत निघून गेला. पण त्याच्या कपाटात एक नकाशा गुंडाळून ठेवलेला होता. शहाद्याच्या इंजिनियरनं काढलेल्या त्या नकाशात घराला पुढून काचेचा दर्शनी भाग होता, सरकतं फाटक होतं, आणि फाटकाच्या आत छपराखाली भूपेंद्रची नवी पांढरी गाडी उभी होती. इंजिनियरनं गाडीचा नंबरसुद्धा लिहिला होता. नकाशात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे ओटा. "आबा आहेत तोवर राहू दे," असं भूपेंद्र सगळ्यांना मोठ्या मनानं सांगायचा. आता आबा नव्हते, आणि ओटा पूर्वीपेक्षा घट्ट होऊन बसला होता.

तरी त्यावर उपाय होता, आणि तो गावात घरोघरी वापरलेला होता. आपल्याकडे वडील गेले की भाऊ बहिणीला साडी घेतो आणि बहीण हक्कसोड पत्रावर सही करते. सहीच्या वेळी दोघंही रडतात. मग बहिणीला जेवायला वाढतात. एकरच्या एकर जमिनी अशा साडीच्या घडीत गुंडाळून भावांच्या नावावर आल्या आहेत. इथं तर नुसता ओटा होता. भूपेंद्रनं शहाद्याला जाऊन चांगल्यातली साडी घेतली आणि गाडी नवापूरच्या रस्त्याला लावली.

रोशनीच्या घरी नवापूरला कोंबड्यांचा फार्म होता. ती शेडच्या दारात उभी राहून कुणाशी तरी फोनवर खाद्याच्या ट्रकबद्दल भांडत होती. भावाला बघून तिनं भांडण अर्ध्यावर जिंकून फोन ठेवला.

"साडी छान आहे," पिशवीत डोकावून ती म्हणाली. "वहिनीनं निवडली?"

"मीच निवडली."

"म्हणूनच विचारलं."

चहा झाला. भूपेंद्रनं नकाशा उलगडला. रोशनीनं तो नीट पाहिला, काचेची तारीफ केली आणि विचारलं, "यात आई कुठे बसते?"

"आई आतच बसते ना. नेहमीसारखी."

"हं," रोशनी म्हणाली. "दादा, आबांनी मला विचारून लिहिलंय ते. मी म्हटलं, ओटा घेऊन मी करू काय? तर म्हणाले, माहेरी आलीस की भाऊ-भावजयीनं ये म्हटल्याशिवाय टेकता येईल अशी हातभर जागा असावी. आणि घराचा मालक आणि ओट्याचा मालक एकच असला, की एक दिवस तो बसलेल्यांना उठवतो. मालक दोन असले तर उठवायचं कुणी, यावरच वर्षं जातात."

"म्हणजे तू सही करणार नाहीस?"

"करते की! ओट्यापायी भाऊ कशाला तोडू? पण दारावर माणसं येतायत ना अजून? ओटा पाडलास तर त्यांना बसवशील कुठं? गाडीत? ती यायची थांबली की बोलव. मी येते, सही करते, संपलं."

हे भूपेंद्रला पटलं. पटण्यासारखंच होतं. खानदेशात कुणी गेलं की माणसं दारावर येतात. दारावर आलेल्याला कुणी घरात नेत नाही. तो बाहेर ओट्यावर बसतो, आणि घरातल्या कर्त्यानं त्याच्यापाशी बसायचं असतं. आलेला माणूस आधी गप्प बसतो, मग गेलेल्याची एखादी आठवण सांगतो, चहा घेतो, आणि "येतो" न म्हणता उठून जातो. महिनाभरात हे ओसरतं. भूपेंद्रनं इंजिनियरला फोन करून महिन्यानं कामगार पाठवायला सांगितलं.

त्याचा हिशेब एका ठिकाणी चुकला. आपल्या बापानं किती माणसं बसवली होती, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

माणसं येत राहिली. प्रकाश्याचे घाटावरचे गुरुजी आले. निझरकडचे केळीचे व्यापारी आले. ते आयुष्यभर हिंमतरावांशी केळीच्या भावावरून भांडले होते, आणि आता त्यांच्याइतकं चांगलं भांडणारा राहिला नाही म्हणून डोळे पुसत होते. एक निवृत्त कंडक्टर आला, ज्याची बस वीस वर्षांपूर्वी ओट्यासमोर बंद पडली होती आणि तीत बसलेल्या सगळ्यांना हिंमतरावांनी पिठलं-भाकरी खाऊ घातली होती. भूपेंद्रला ती बस आठवली. त्या दिवशी घरातलं पिठलं संपल्याचा राग त्याला अजून होता.

प्रत्येकापाशी त्याला बसावं लागे. दुकान नोकरावर टाकून तो सकाळचा ओट्यावर, संध्याकाळचा ओट्यावर. पहिले काही दिवस तो बाकाच्या टोकाला, बसची वाट बघणाऱ्यासारखा बसला. मग पाठ दुखायला लागली, म्हणून भिंतीला टेकला. मग पाय वर घेतले.

"आता जमनं," दलसिंग म्हणाला.

"काय?"

"बठनं. पाय खाले लोंबेल माणूस पाहुना ऱ्हास."

होळी झाली. काठी गावची होळी बघून डोंगरातली माणसं परतली, आणि मग सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारातून निघालेल्या जीपमधून वाहरू उतरला. तो पूर्वी ऊसतोडीला यायचा. हिंमतराव गेल्याचं त्याला बाजारात कळलं होतं, महिना उलटून गेल्यावर. त्यानं आमचुराची पुरचुंडी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ गप्प बसला. एवढा वेळ, की भूपेंद्रलाच आठवण सांगायची पाळी आली. सांगायला गेला तर त्याच्या लक्षात आलं, आपल्याकडे आबांच्या ज्या आठवणी आहेत त्या सगळ्या घरातल्या आहेत, आणि घरात आबा जेवायला आणि झोपायला येत.

शेवटी वाहरूच म्हणाला, "पहिल्यांदा आलो तेव्हा मी खाली बसलो होतो. मातीत. आबा म्हणाले, वर ये, तिकडून ऐकू येत नाही मला." तो जरा हसला. "तेव्हा त्यांना चांगलं ऐकू येत होतं."

चहा पिऊन वाहरू "येतो" न म्हणता उठला. पायरीवरून त्यानं मागं बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या बाजारानंतर बायकोला आणतो. तिला दारावर यायचं राहिलंय."

भूपेंद्रची बायको रंजना हे आतून ऐकत होती. ती शिकलेली, नीटनेटकी बाई. नकाशातली काच तिचीच कल्पना होती. कामगार दोनदा येऊन परत गेले होते. "अहो," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "मोलगीहून अजून किती जीपा येणार आहेत?"

"विचारतो," भूपेंद्र म्हणाला. पण कुणाला विचारायचं ते त्यालाही कळेना.

वाहरूची बायको येऊन गेली, आणि पाडव्यानंतर मात्र खरंच कुणी आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. ओट्यावर फक्त नेहमीचे, नवलसिंग आप्पा आणि दलसिंग, आणि सवयीनं टेकलेला भूपेंद्र. रंजनानंच नणंदेला फोन केला. वकिलांनी हक्कसोडाचा कागद करून दिला. रोशनी नवापूरहून रेल्वेनं नंदुरबार, तिथून एसटीनं गाव, अशी दुपारची आली, आणि ओट्यावर पिशवी ठेवून बाकावर बसली.

"ताई, आत या ना," दारातून रंजना म्हणाली.

"येते वहिनी. जेवायला येणारच आहे. आधी माझ्या घरी टेकते जरा."

रंजनाचा चेहरा उतरला. माहेरवाशीण आली आणि बाहेर बसली, हे गावात पसरायला फार वेळ लागणार नव्हता. समोरच्या घरातल्या मीनाबाईनं तर तेवढ्यासाठी तांदूळ निवडायचं सूप बाहेर आणलंच होतं. "लोक बघतायत हो."

"बघू देत. घरमालकीण पहिल्यांदाच आलीय, बघायला नको?"

आप्पांनी आणि दलसिंगनं घरमालकिणीसाठी सरकून जागा केली. भूपेंद्र कागद आणि पेन घेऊन आतून आला. पण रोशनी त्याच्याकडे न बघता दारातून आत हाक मारत होती.

"आई! बाहेर ये ना, इथं बस."

आतून जसोदाबाईंचा आवाज आला, "मी? तठे? तठे तुन्हा काका बठेल शेत!"

पन्नास वर्षं जसोदाबाईंनी या ओट्यावर चहा पाठवला होता. पहाटे तो झाडला होता, सणाला सारवला होता, पुढं फरशी आल्यावर पुसला होता. दिवसाउजेडी त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या. आधी सासरे बसत, मग दीर, मग नवरा आणि त्याची मंडळी. आणि नवलसिंग आप्पा गावच्या नात्यानं थोरले दीर. त्यांच्या समोरून जातानासुद्धा जसोदाबाईंचा पदर नाकापर्यंत येई.

"आई, ओटा काकांचा नाही," रोशनी म्हणाली. "सासऱ्यांचाही नाही. माझा आहे. लेकीच्या घरी आई पदर ओढते का?"

जसोदाबाई विचार करत होत्या. हा मुद्दा त्यांच्या आयुष्यात कुणी काढला नव्हता. मग दारात त्या दिसल्या, पदर डोक्यावर पण नाकाच्या बराच वर. आप्पा उठायला लागले, तर रोशनी म्हणाली, "आप्पा, तुम्ही बसा. तुम्ही मृत्युपत्रात आहात."

आप्पा बसले. जसोदाबाई बाकाच्या टोकाला टेकल्या. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. गल्ली, हापसा, मारुतीचा पार, पलीकडे केळीच्या बागेची हिरवी कड.

"अरे," त्या म्हणाल्या, "आठेतीन तं समदं दिखास."

"तं!" दलसिंग म्हणाला. "वहिनी, मंग आम्ही काय भिंतकडे पाहीसन बठतस का?"

"मी जलमभर समजत व्हतू, तुम्ही चहासाठे बठतस."

आप्पा हसले. त्यांनी आपल्यासमोर असं बोलणारी जसोदाबाई आजवर ऐकलीच नव्हती. भूपेंद्रनंही नव्हती. तो कागद हातात धरून उभा होता, आणि त्याची आई नवलसिंग आप्पांना सांगत होती की त्यांचा थोरला मुलगा लहानपणी हापशाला जीभ लावायचा. हे आप्पांना माहीत नव्हतं. ओट्यावर बसून सगळं कळतं असा त्यांचा समज होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय काय दिसतं याचा त्यांनी विचार केला नव्हता.

"आई, पाणी देऊ?" रोशनीनं विचारलं.

"नको बाई. लेकीना घरनं पानीबी नही पेतस आपन." हे जसोदाबाईंनी अगदी गंभीरपणे सांगितलं. बसायचं म्हणजे मग नियम पाळूनच बसायचं.

रोशनीनं हात पुढं केला. "दादा, आण तो कागद. वहिनी खोळंबल्यात. सही कुठे करायची?"

भूपेंद्रनं कागद दिला. आप्पांनी दलसिंगला खूण केली आणि दोघं उठले. भावा-बहिणीच्या व्यवहारात तिऱ्हाइतानं बसू नये, एवढी रीत त्यांना होती. दलसिंगनं काठी घेतली. आप्पा डावीकडच्या पायरीवर चपला शोधू लागले. आणि ते उठलेले बघून जसोदाबाईही उठल्या. ओटा पोराचा झाला की पुन्हा सुनेचं, दिरांचं, गावाचं सगळं आलंच. त्यांनी कुणी न सांगता पदर पुढं ओढला आणि दाराकडे वळल्या.

तो पदर नाकापर्यंत आला, आणि भूपेंद्रला राहवलं नाही.

"आई, बस."

"आसू दे रे. बठनू ना थोडं. दिखनं समदं."

"बस म्हणतो ना. आप्पा, तुम्हीही बसा. दलसिंगकाका, तुमचं ते निझरच्या व्यापाऱ्याचं सकाळी अर्धं राहिलंय. तुमचंच चूक आहे, आणि मी ते सिद्ध करणार आहे." मग तो बहिणीकडे वळला. "रोशनी, आबांनी लिहिलंय तसंच राहू दे."

रोशनीनं पेनाचं टोपण लावलं. "नक्की? मग नकाशाचं काय?"

भूपेंद्रनं बायकोकडे बघितलं. रंजना दारात उभी होती. तिला काच हवी होती, हे खरं होतं. पण गेल्या काही मिनिटांपासून ती सासूकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता काचेचा विचार दिसत नव्हता.

"ताई," रंजनानं विचारलं, "लेकीच्या घरी आई बसते. पण भावजय बसते का?"

"नणंदेनं बोलावलं तर बसते," रोशनी म्हणाली. "या वहिनी. मी बोलावलं."

रंजना आली आणि सासूशेजारी बसली. तिनंही उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. समोर मीनाबाईचे तांदूळ केव्हाचे निवडून झाले होते, तरी ती सूप हलवत होती.

"मीनाबाई, या की इकडंच!" रंजना म्हणाली. "तिकडून नीट ऐकू येत नसेल."

मीनाबाईनं सूप खाली ठेवलं, आणि आढेवेढे न घेता आली. बाक भरला. दलसिंग काठी भिंतीला टेकवून कठड्यावर सरकला. त्यानं निझरच्या व्यापाऱ्याची गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सुरू केली, कारण आता ऐकणारे नवीन होते. भूपेंद्र बसायला गेला तर त्याला जागाच उरली नव्हती.

"चहा?" आप्पांनी सहज विचारलं.

सवयीनं सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. चहा करणाऱ्या सगळ्या बाहेर बसल्या होत्या.

"मी करते," रंजना उठायला लागली.

"तू बठ," जसोदाबाई म्हणाल्या. "घर भूपेंद्रनं शे. चहा त्याना घरना. पोराना घरना चहा माले चालस."

यात वकिलांनाही खोट काढता आली नसती. भूपेंद्र आत गेला, आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं पडल्याचा आवाज आला.

"साखर कुठे आहे?"

"उजव्या फळीवर," रंजना म्हणाली.

"डाव्या," जसोदाबाई म्हणाल्या. "तू उजवीकडे मीठ ठेवस."

"तिथं मीठ तुम्ही ठेवता. मी ते हलवते."

"आलं टाक रे," आप्पांनी ओरडून सांगितलं.

"माझ्यात नको," मीनाबाई म्हणाली.

दलसिंग थांबला. त्याची गोष्ट पुन्हा अर्ध्यावर आली होती. "आधी ते ठरवा," तो म्हणाला, "मंग मी सांगस," आणि ओट्यावर आल्याच्या प्रश्नावर चर्चा सुरू झाली.